पंक्चर होऊनहि धांवणारें चाक

साध्या टायरांतील हवा गेली म्हणजे मोटारीचा भार त्याच्या मऊ कडांवर पडून त्या चिरडल्या जातात. ‘रन-फ्लॅट’ टायरच्या कडा मात्र जाड व ताठ असतात. त्या हवेवांचूनहि ओझें पेलतात. म्हणून अशा गाडींत बहुधा स्टेपनी नसते. परंतु हें अभय मर्यादित आहे: साधारणतः ताशीं ८० किलोमीटरपर्यंतच्या वेगानें सुमारें ८० किलोमीटर. हवा गेल्याचें चालकास सहसा जाणवत नाहीं. तें दाबदर्शक दिवाच सांगतो. दिवा लागतांच वेग कमी करून नजीकचें दुकान गांठावें. हवेवांचून धांवतांना कडा वारंवार वाकून तापतात व आंतून खचतात. बाहेरून तें दिसेलच असें नाहीं. असा टायर वरवर बुजवून पुन्हां भरधांव हांकल्यास फुटण्याचें भय असतें. यास्तव तो उतरवून आंतून तपासावा. कडेस इजा आढळल्यास बदलावाच.