नाकावरची गाठ आणि गल्लीभर डॉक्टर

गेल्या वर्षी गणपतीच्या सुमारास माझ्या नाकाच्या डाव्या बाजूला, चष्म्याचं पॅड टेकतं तिथेच, मसुराच्या दाण्याएवढा उंचवटा आला. दुखत नव्हता, खाजत नव्हता. मी विसरूनही गेलो असतो, पण नाक आपण विसरलो तरी समोरचा विसरू देत नाही. मावशी म्हणाली, ‘‘चामखीळ आहे, चुना लाव.’’ शेजारच्या काकूंनी उष्णतेचं निदान करून सब्जा पाजला. इस्त्रीवाल्याने घोड्याच्या शेपटीचा केस बांधायला सांगितला, आणि वर ‘‘बिब्ब्याने जळते,’’ हेही. ऑफिसातल्या मित्राने मोबाइलवर काहीतरी वाचलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, ‘‘एकदा दाखवून घे रे.’’

एवढ्या निदानांपैकी एकही खरं निघालं नाही. पण यातला प्रत्येक सल्ला कुणाच्या तरी नाकावर रोज वापरला जातो, म्हणून हे लिहितो आहे.

घोळ नावापासूनच सुरू होतो. आपल्याकडे पुळी, फोड, केसतोड, चामखीळ, तीळ, गाठ असे शब्द आहेत आणि नाकावर काहीही आलं की आपण ते यातल्याच एखाद्यात बसवतो. प्रौढांच्या नाकावर हमखास दिसणारी एक गोष्ट मात्र यातल्या कुठल्याच नावात बसत नाही. तिला डॉक्टर फायब्रस पॅप्यूल म्हणतात. तंतू आणि बारीक रक्तवाहिन्यांची ही घट्ट, कातडीच्याच रंगाची किंवा किंचित तांबूस टेंगळी बहुधा पाच मिलिमीटरच्या आत असते. ती वर्षानुवर्षं तशीच राहते आणि तिच्यापासून काही धोका नसतो. नको असेल तर त्वचारोगतज्ज्ञ ती पाच-दहा मिनिटांत खरवडून काढतात. ती चामखीळ नाही, म्हणजे विषाणूमुळे आलेली नाही, त्यामुळे पसरतही नाही. चुना किंवा बिब्बा लावला तर गाठीबरोबर भोवतालची कातडी भाजते आणि डाग मागे राहतो. धोबी ज्या बिब्ब्याच्या तेलाने कपड्यांवर न जाणारी खूण करायचे तेच तेल आपण चेहऱ्याला लावतो, हे एकदा डोळ्यांसमोर आणून पाहावं.

‘‘पिकलाय, पिळून टाक.’’ हा सल्ला सर्वांत प्रेमाने दिला जातो आणि सर्वांत वाईट असतो. नाकाच्या मुळापासून ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंतच्या त्रिकोणातल्या शिरा डोळ्यांच्या शिरांमार्फत मेंदूच्या तळाशी असलेल्या कॅव्हर्नस सायनसला जोडलेल्या आहेत. केसतोड बहुधा स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूमुळे होतो आणि तीनातल्या साधारण एका निरोगी माणसाच्या नाकात तो मुक्कामाला असतोच. पिळल्यावर पू बाहेर येतो तसा आतही ढकलला जातो. रशियन संगीतकार अलेक्झांडर स्क्र्याबिन १९१५ मध्ये वयाच्या ४३व्या वर्षी वरच्या ओठावरच्या अशाच एका फोडातून रक्तात संसर्ग पसरून गेला. तेव्हा प्रतिजैविकं नव्हती. आज असं क्वचितच होतं, तरी फोडासोबत ताप, डोकं ठणकणं, डोळ्याला सूज किंवा एकाचं दोन दिसणं सुरू झालं तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठायचा.

दुसरं टोक म्हणजे ‘‘दुखत नाही ना? मग सोड.’’ इथे मात्र उलटं आहे. दुखतो तो फोड आठवड्याभरात पिकून बसतो. ज्याची धास्ती घ्यावी ते बहुधा दुखतच नाही.

माझ्या एका मामांची नाशिककडे द्राक्षबाग आहे. त्यांच्या नाकपुडीजवळ एक दाणा होता. दाढी करताना तो निघायचा, थेंबभर रक्त यायचं, खपली धरायची, खपली पडायची आणि आठ-दहा दिवस नाक अगदी स्वच्छ दिसायचं. ‘‘ब्लेड लागतं,’’ असं म्हणण्यात दोन वर्षं गेली. डॉक्टरांनी भिंगातून पाहिलं तेव्हा त्याच्या कडेला भिजलेल्या साबुदाण्यासारखी चकाकी होती, वर केसासारख्या बारीक लाल शिरा आणि मध्ये काळपट ठिपके. बेसल सेल कार्सिनोमा. जगातला सर्वांत जास्त आढळणारा त्वचेचा कॅन्सर हाच, आणि उन्हाला सर्वांत पुढे असणाऱ्या नाकावर त्याचा विशेष लोभ. डब्लिनच्या आर्थर जेकब यांनी १८२७ मध्ये त्याचं वर्णन केलं. पुढे त्याला ‘उंदराचा व्रण’ अशा अर्थाचं नाव पडलं, कारण तो जागच्या जागी कुरतडत जातो. शरीरात इतरत्र तो फार क्वचित पसरतो, शंभरात एकाच्याही बाबतीत नाही. पण नाकाच्या कातडीखाली लगेच कूर्चा असते आणि तिथे त्याला वर्षभर मोकळीक दिली तर भरपाई महाग पडते.

मामांचा पहिला प्रश्न होता, ‘‘आपल्या लोकांना कुठे होतो स्किन कॅन्सर? तो गोऱ्यांना.’’ यात अर्धं सत्य आहे. सावळ्या कातडीतलं मेलॅनिन उन्हापासून बरंच संरक्षण देतं, म्हणून आपल्याकडे तो पुष्कळच कमी. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. शिवाय आपल्या कातडीत तो बहुधा काळपट रंग घेऊन येतो, त्यामुळे सगळे त्याला तीळ समजतात. लहानपणापासून आहे तसाच असलेला तीळ वेगळा. पन्नाशीनंतर नवा उगवलेला आणि खपली धरणारा ‘तीळ’ दाखवायलाच हवा. महिनाभरात न भरणारी किंवा भरून पुन्हा रक्त येणारी कुठलीही जागा याच हिशेबात धरायची.

दुसरा प्रश्न अधिक हट्टी होता. ‘‘तुकडा काढला की कॅन्सर भडकतो म्हणतात.’’ ही समजूत मी शिकलेल्या घरांतही ऐकली आहे आणि ती कुठून आली असावी याचा अंदाज करता येतो. माणूस उशिरा जातो, तुकडा तपासतात, वाईट बातमी येते, पुढे तब्येत ढासळते आणि घरच्यांच्या आठवणीत ढासळण्याची सुरुवात म्हणून तो तुकडा राहतो. प्रत्यक्षात त्वचेचा कॅन्सर बायोप्सीने पसरत नाही. भुलीच्या इंजेक्शनची एक टोच, मग पेन्सिलीच्या शिशाहून थोड्या जाड, तीन-एक मिलिमीटरच्या गोल पात्याने छोटासा तुकडा आणि एखादा टाका. भिंगातून जाणकार डोळ्याला पुष्कळ कळतं, पण शंका उरली तर शेवटचा शब्द त्या तुकड्याचाच.

‘‘आणि नाक गेलं तर?’’ हा मामांचा तिसरा प्रश्न, हळू आवाजातला. छोटी गाठ काढून शेजारची कातडी ओढून टाका घालता येतो. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या फ्रेडरिक मोह्स यांनी १९३०च्या दशकात शोधलेल्या पद्धतीत गाठीचा एकेक पातळ थर काढून तिथल्या तिथे सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि कॅन्सर जिथे संपतो तिथेच थांबतात, म्हणजे निरोगी नाक शक्य तेवढं वाचतं. आपल्याकडे ही सोय मोजक्याच ठिकाणी आहे. खड्डा मोठा झाला तर कपाळावरची कातडी खाली वळवून नाक बांधतात, आणि ही विद्या आपल्याच अंगणातली आहे. टिपूच्या कैदेत नाक कापलं गेलेल्या कावसजी नावाच्या मराठा गाडीवानाचं नाक पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने कपाळाच्या कातडीतून घडवलं. ऑक्टोबर १७९४च्या लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये ती हकीकत चित्रासह छापली आहे. आधी मेणाच्या पातळ पत्र्याचं नाक बनवायचं, मग ते सपाट करून कपाळावर ठेवायचं आणि भोवती रेघ मारायची. ते वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यूंनी १८१४ मध्ये तसं करून पाहिलं. आजचे सर्जनही आधी मापच घेतात, फक्त मेणाऐवजी कित्येकदा टाक्याच्या दोऱ्याच्या पाकिटाची चांदी कापून. मामांना याची गरज पडली नाही. त्यांना तीन टाके पडले.

नथ-चमकीच्या भोकाशेजारी येणाऱ्या गाठीला सरसकट ‘कीलॉइड’ म्हणतात, तेही बहुतेकदा चुकीचं. टोचल्यावर काही आठवड्यांतच आलेली, ओलसर लाल, हात लावताच रक्त येणारी गाठ म्हणजे ग्रॅन्युलोमा. तो घर्षणाने किंवा संसर्गाने येतो आणि उपचाराने बसतो. खाज आणि पाणी असेल तर खोट्या दागिन्यातल्या निकेलची ॲलर्जी आठवावी. खरा कीलॉइड टणक असतो, महिन्यांनी येतो आणि जखमेच्या हद्दीबाहेर वाढतो. तो नुसता कापला तर बहुधा दुप्पट जोमाने परततो, म्हणून त्यात आधी स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात.

इंजेक्शनातलं स्टेरॉइड वेगळं आणि मेडिकलमधून आणलेली ‘सगळ्यावर चालणारी’ ट्यूब वेगळी. ती लावली की लाली दोन दिवसांत उतरते, बंद केली की दामदुपटीने येते आणि कातडी पातळ होत जाते. अशी अनेक मलमं २०१८ साली चिठ्ठीशिवाय विकायला मनाई झाली. काउंटरवरचं चित्र फारसं बदललेलं दिसत नाही.

लहान मुलांबाबत एकच सांगतो. जन्मापासून नाकाच्या मधोमध गाठ किंवा खळगी असेल, त्यातून एखादा केस डोकावत असेल, तर ती तिथल्या तिथे कापू किंवा फोडू देऊ नये. ती डरमॉइड सिस्ट असू शकते आणि तिचं मूळ कवटीच्या आतपर्यंत गेलेलं असू शकतं. आधी एमआरआय, मग सुरी.

आता माझं नाक. डॉक्टरीणबाईंनी आधी नाकाकडे पाहिलंच नाही. चष्मा मागून घेतला, टेबलावर उलटा ठेवला, आणि तो डुगडुगला. कुशीवर पडून वाचायच्या सवयीने एक काडी वाकली होती आणि सगळा भार डाव्या पॅडवर येत होता. सतत दाब पडला की कातडी जाड होते आणि मधोमध घळ असलेला उंचवटा येतो. त्याला अकँथोमा फिशुरॅटम म्हणतात आणि तो हुबेहूब बेसल सेल कार्सिनोमासारखा दिसू शकतो. ‘‘फ्रेम सरळ करून घ्या. दर आठवड्याला शेजारी रुपयाचं नाणं धरून फोटो काढा. दीड महिन्यात कमी व्हायला लागला नाही तर तुकडा काढू.’’

चष्मेवाल्याने काडी गरम करून वाकवली, नवी पॅडं बसवली. सातव्या आठवड्यात उंचवटा बोटाला लागेनासा झाला. मावशीच्या मते चुन्याचाच गुण. चुना लावलाच नव्हता, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.