मुलांना चहा: केव्हापासून, किती आणि कधी

वर्षा-दीड वर्षाचं मूल कुणाच्या तरी मांडीवर बसलेलं असतं. मोठ्या माणसाच्या हातात चहा असतो आणि मूल कपाकडे हात करतं. मग बशीत थोडासा चहा ओतून, फुंकर घालून त्याच्या ओठांना लावला जातो. सुरुवात बहुतेक घरांत अशीच होते. मूल तीन-चार वर्षांचं होईपर्यंत चहा-पोळी, चहा-बटर किंवा चहात बुडवलेलं बिस्किट हा त्याचा रोजचा नाश्ता झालेला असतो. चहा केव्हापासून द्यायचा, हा प्रश्न घरात कुणी विचारलेलाच नसतो.

आधी उत्तर सांगते, मग त्यामागची कारणं. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ही देशातल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना. तिने २०१९ मध्ये मुलांच्या खाण्यापिण्याविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांनुसार पाच वर्षांच्या आत चहा-कॉफी नको. पाच ते नऊ या वयात दिवसाला जास्तीत जास्त अर्धा कप आणि दहा ते अठरा या वयात एक कप, तोही कॅफिन असलेलं दुसरं काही पोटात जात नसेल तर. अर्धा कप म्हणजे टपरीवरचं एक कटिंग. ही कमाल मर्यादा आहे. तेवढा चहा द्यायलाच हवा, असा तिचा अर्थ नाही. चहात मुलाच्या वाढीला लागणारं असं काही नसतं, त्यामुळे दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत चहा दिलाच नाही तरी काही बिघडत नाही.

आता कॅफिनचं बघू. 'आम्ही मुलांना दुधाचा चहा देतो, कोरा नाही,' असं पालक सांगतात. पण कॅफिन येतं ते चहाच्या पुडीतून. आपल्याकडची दाणेदार पूड खळखळून उकळली की तिच्यातलं बरंचसं कॅफिन पाण्यात उतरतं. वरून दूध घातल्याने रंग आणि चव सौम्य होते, कॅफिन नाहीसं होत नाही. एका कपाला चमचाभर पूड धरली तर ती साधारण दोन ग्रॅम भरते आणि कोरड्या पुडीत तीन टक्क्यांच्या आसपास कॅफिन असतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये सुधारित आहार मार्गदर्शिका काढली. त्यात १५० मिलिलिटरच्या कपातलं कॅफिन दिलं आहे: चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम, इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ आणि उकळून किंवा फिल्टरने काढलेल्या कॉफीत ८० ते १२०. म्हणून चहाचा नियम कॉफीला जसाच्या तसा लावता येत नाही. दहा वर्षांच्या मुलाला फिल्टर कॉफी द्यायचीच असेल, तर डिकॉक्शन दोन-तीन चमचे आणि बाकी दूध, एवढंच प्रमाण बरं.

शरीराला किती कॅफिन चालतं? युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये मुलांसाठी दिवसाला वजनाच्या दर किलोमागे ३ मिलिग्रॅम हा आकडा धरला. पहिलीतलं मूल २० किलोचं असेल तर ६० मिलिग्रॅम झाले. म्हणजे कडक चहाचा एक पूर्ण कप त्याची दिवसाची मर्यादा गाठतो आणि मग चॉकलेट किंवा कोला यांना जागाच उरत नाही. दोन वर्षांच्या १२ किलोच्या मुलाचा हिशोब ३६ मिलिग्रॅमवर येतो. हा हिशोब फक्त कॅफिनचा. इतक्या लहान मुलाला चहा न देण्याचं मोठं कारण वेगळं आहे, ते पुढे येईल.

कॅफिन निकामी करण्याचं काम यकृत करतं. मोठ्या माणसाच्या रक्तातलं निम्मं कॅफिन साधारण पाच तासांत कमी होतं. नवजात बाळाच्या यकृतात त्यासाठी लागणारं विकर पुरेसं तयारच झालेलं नसतं, त्यामुळे तेवढ्याच कामाला त्याला ८० ते १०० तास लागतात. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांचा श्वास मध्येच थांबतो, तेव्हा नवजात अतिदक्षता विभागात त्यांना कॅफिनचंच औषध देतात आणि एकदा दिलेलं औषध शरीरात बराच काळ टिकतं, ते याच कारणाने. तिथे डॉक्टर बाळाच्या वजनानुसार डोस ठरवतात आणि हृदयाच्या ठोक्यांवर नजर ठेवतात. त्यावरून 'बाळालाही कॅफिन चालतं' असा अर्थ कुणी काढू नये. बाळ वर्षाचं होईपर्यंत यकृत या कामात बरंच तयार होतं. पण मुलाचं शरीर लहान असतं आणि कपाचा आकार मात्र मोठ्यांच्या मापाचा असतो.

मेंदूत काय होतं? आपण जागे असताना मेंदूत अडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. ते पेशींवरच्या ठरावीक जागी बसलं की आपल्याला पेंग येऊ लागते. कॅफिनचा रेणू त्याच्यासारखाच दिसतो. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा अडवावी, तशा तो या जागा अडवून ठेवतो. अडेनोसिन असतं, वाढतही असतं, पण त्याला बसायला जागा मिळत नाही. थकवा जात नाही, फक्त कळेनासा होतो. कॅफिन उतरलं की तो एकदम जाणवतो आणि चहा प्यायल्यावर घरभर धावणारं मूल काही तासांनी अचानक किरकिर करू लागतं.

सहा ते बारा या वयातल्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते. संध्याकाळी पाचला घरी येऊन मुलाने चहा घेतला, तर रात्री दहाला त्यातलं निम्म्याच्या आसपास कॅफिन अंगात असतं. त्याला झोप लागते, पण उशिरा आणि सावध. सकाळी सातची शाळा असली की हा तोटा उठताना दिसतो. मूल हलत नाही, मग आई त्याला जागं करायला पुन्हा चहाच देते. म्हणून ज्या वयात चहा चालतो, त्या वयातही दुपारी तीननंतर नको.

आता सर्वात महत्त्वाचा भाग: लोह. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा महिने ते पाच वर्षं या वयातली देशातली ६७ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली आणि महाराष्ट्रातली जवळपास ६९ टक्के. रक्तक्षयाची कारणं अनेक आहेत आणि सगळा दोष चहावर टाकणं चूक ठरेल. पण आधीच कमी असलेलं लोह शरीरापर्यंत पोहोचू न देण्याचं काम चहा नेमकं करतो.

ते असं. नाचणी, बाजरी, मटकी, मेथी, हरभरा यांतलं लोह वनस्पतींतून येतं आणि ते शरीरात मुळातच कमी शोषलं जातं. चहाला जो तुरटपणा असतो तो टॅनिनसारख्या पॉलिफेनॉल्समुळे. ही द्रव्यं पोटात लोहाला धरतात आणि न विरघळणारा संयोग तयार होतो. आतड्याला तो घेता येत नाही, तसाच बाहेर पडतो. जेवणासोबत घेतलेल्या चहाने असं लोह शोषलं जाण्याचं प्रमाण निम्म्याहूनही खाली येऊ शकतं. कॉफीनेही हेच होतं, जरा कमी प्रमाणात. इस्रायलमध्ये १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चहा पिणाऱ्या आणि न पिणाऱ्या तान्ह्या बाळांच्या रक्ताची तुलना केली होती. लोह कमी पडलं की रक्तपेशी आकाराने लहान राहतात. तशा पेशींचा रक्तक्षय चहा पिणाऱ्या बाळांत कितीतरी जास्त आढळला.

इथे वेळ महत्त्वाची ठरते. चहा आणि लोह एकाच वेळी पोटात असले की नुकसान सर्वात जास्त, मधे अंतर पडलं की कमी. राष्ट्रीय पोषण संस्था मोठ्यांनाही सांगते की जेवणाआधी आणि जेवणानंतर किमान तासभर चहा-कॉफी टाळा. या नियमाने चहा-पोळी बघा. पोळीतलं जे थोडंफार लोह असतं, ते मूल थेट चहात बुडवून खातं. तीच पोळी मेथीच्या भाजीबरोबर किंवा मोड आलेल्या मटकीच्या उसळीबरोबर दिली आणि वर लिंबू पिळलं, तर उलटं घडतं, कारण क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. पेरूची फोड किंवा आवळासुद्धा हे काम करतो. सकाळच्या घाईत उसळ होत नाही, हे खरं आहे. मग रात्रीच्या भाजीची गुंडाळी, शेंगदाण्याची चटणी लावलेली भाकरी, नाचणीची पेज किंवा दडपे पोहे द्या. काहीही चालेल, सोबत चहा नको.

अंगणवाडीत आणि शाळेत मिळणाऱ्या लोहाच्या औषधालाही हेच लागू आहे. २०१८ पासूनच्या 'ॲनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमात पाच वर्षांखालच्या मुलांना आठवड्यातून दोनदा लोहाचं सिरप, पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आठवड्याला एक गुलाबी गोळी आणि दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींना निळी गोळी देतात. सिरप घरी पाजायचं असेल तर चहाबरोबर किंवा दुधाबरोबर पाजू नका, कारण दुधातलं कॅल्शियमही लोहाच्या आड येतं. म्हणून चहा बंद करून त्याच्या जागी लिटरभर दूध सुरू करणं हाही उपाय नव्हे. दोन-तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला अर्धा लिटर दूध पुष्कळ झालं. त्याहून जास्त दुधाने पोट भरतं, जेवण मागे पडतं आणि त्यानेही रक्तक्षय होतो.

जेवण मागे पडण्याची ही गोष्ट चहाच्या बाबतीत आणखी खरी आहे. छोट्या मुलाचं पोट लहान असतं. कपभर गोड चहा आणि चार बिस्किटं घेतल्यावर त्याची भूक मरते, पण त्याला प्रथिनं जवळजवळ मिळतच नाहीत. पहाटे कामावर निघणाऱ्या घरांत मुलाच्या पोटाला आधार म्हणून चहाच दिला जातो. त्या आईला दोष देण्यात अर्थ नाही. तिला झटपट होणारा दुसरा पर्याय सुचवायला हवा. रात्री भाजून दळून ठेवलेलं डाळ-तांदूळ-नाचणीचं पीठ पाच मिनिटांत शिजतं, आणि गूळ घातला की मूल ते आनंदाने खातं.

साखरेचा हिशोबही करून बघा. जागतिक आरोग्य संघटनेने वरून घातलेल्या साखरेसाठी एकूण उष्मांकाच्या पाच टक्के ही चांगली मर्यादा मानली आहे. सहा वर्षांच्या मुलासाठी ती दिवसाला साधारण चार चमचे होते. सकाळ-संध्याकाळ दोन चमचे साखरेचा चहा झाला की ती संपली, बिस्किटांतली साखर वेगळीच.

दोन समजुतींबद्दल थोडक्यात. चहाने मूल काळं होत नाही. कातडीचा रंग मेलॅनिनवर ठरतो, चहावर नाही. मुलाला चहापासून दूर ठेवायला हे कारण देऊही नका, रंगाबद्दलची नको ती भावना त्याच्या मनात बसते. कॉफीने उंची खुंटते, यालाही पुरावा नाही.

एक धोका मात्र खरा आहे आणि बोलण्यात क्वचित येतो: भाजणं. रांगणारं मूल टेबलाच्या कडेचा कप ओढतं किंवा मांडीवर असताना हात मारतं. लहान मुलाची कातडी पातळ असते, कपभर गरम चहाने छातीवर खोल भाजू शकतं. मूल मांडीवर असेल तर चहा हातात घेऊ नये.

मुलाला मोठ्यांबरोबर कपातून काहीतरी प्यायचं असतं, हा त्याचा हट्ट समजण्यासारखा आहे. गवती चहाची पात, आल्याचा तुकडा आणि दूध एकत्र उकळलं, त्यात पूड घातली नाही, तर कॅफिन नसतं. कोकम सरबत किंवा पातळ ताकही चालेल. वर्षाच्या आतल्या बाळाच्या काढ्यात मध घालू नका, त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. 'चॉकलेटी पावडर' घालताना पाकिटावर साखर किती आहे ते वाचा.

एनर्जी ड्रिंक्सना कुठल्याच वयाच्या मुलासाठी जागा नाही. आपल्याकडच्या नियमांनुसार कॅफिनयुक्त पेय म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटलीत लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन असू शकतं आणि ते मुलांसाठी नाही, अशी सूचना डब्यावरच छापावी लागते. गार आणि गोड असल्याने मूल ते चहापेक्षा कितीतरी भराभर पितं. दहावी-बारावीच्या परीक्षेत रात्र जागवायला हे डबे किंवा कॉफीचे कपावर कप घेणाऱ्या मुलांना एवढंच सांगायचं: वाचलेलं डोक्यात पक्कं होतं ते झोपेत. एक कप सकाळी घ्या, रात्रीचा सोडा.

घरातलं मूल आधीच दोन-तीन कपांवर असेल तर एकदम बंद करू नका. सवय असलेल्या मुलाचं डोकं दुखतं, ते चिडतं, पेंगतं. आधी संध्याकाळचा कप काढा. मग सकाळच्या चहातली पूड दर दोन-तीन दिवसांनी थोडी कमी करत न्या. एक-दोन आठवड्यांत ते सुटतं. दम्यासाठी थिओफिलिनचं औषध चालू असेल, हृदयाच्या ठोक्यांची तक्रार असेल किंवा एकाग्रतेसाठी उत्तेजक औषध सुरू असेल, तर चहा-कॉफीबद्दल आधी डॉक्टरांना विचारा. थिओफिलिन आणि कॅफिन हे एकाच घराण्यातले आहेत, दोघांचे परिणाम एकमेकांत मिसळतात. आणि मूल फिकट दिसत असेल, खेळताना लवकर थकत असेल, माती किंवा खडू खात असेल, तर चहा बंद करण्याबरोबरच प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याचं हिमोग्लोबिन तपासून घ्या.