जमिनीची खबर देणारे कापड

टेलिफोन आणि इंटरनेटच्या केबलमध्ये केसाएवढा बारीक काचेचा धागा असतो व त्यातून प्रकाश धावतो, हे आता सर्वांना ठाऊक आहे. हाच धागा ताण आणि उष्णता मोजण्याच्याही कामी येतो, ही बाब मात्र आपल्या व्यापारी बांधवांपर्यंत फारशी पोहोचलेली नाही. कापडवाल्यांनी तर ती जरूर समजून घ्यावी, कारण यात विणकराचे काम आहे.

युक्ती अशी. धाग्याच्या एका टोकातून प्रकाशाचा क्षणभराचा झोत सोडतात. वाटेतल्या प्रत्येक जागेवरून थोडा थोडा प्रकाश मागे परततो. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणून परतायला लागलेल्या वेळेवरून तो किती मीटरवरून आला, हे कळते. धागा जेथे ताणला गेला तेथून येणाऱ्या प्रकाशात फरक पडतो, आणि यंत्र ती जागा दाखवते.

युरोपीय संघाच्या मदतीने २००६ साली ‘पॉलिटेक्ट’ नावाची योजना सुरू झाली. रस्ते व रेल्वेच्या भरावात जिओटेक्स्टाईल नावाचे मजबूत कापड घालतात. त्यातच हा धागा गुंफायचा, म्हणजे भराव सरकू लागताच कापडच खबर देईल. बर्लिनची ‘बाम’ ही सरकारी संस्था मोजमापाची जाणकार, तर केमनिट्सची वस्त्रसंशोधन संस्था विणकामाची.

खरी अडचण विणकामातच होती. काचेचा धागा ताण्या-बाण्यात वर-खाली वाकला की प्रकाश बाहेर गळतो, आणि फार वाकला तर धागाच तुटतो. म्हणून वार्प निटिंग यंत्रावर तो सरळ ठेवून इतर धाग्यांच्या फासांनी बांधून घेतला. शिवाय काच शेकडा एकपर्यंतच भरवशाने ताण सोसते. जमीन सरकते तेव्हा ताण त्याहून कितीतरी जास्त होतो. तेथे अॅक्रिलिकच्या जातीचा प्लास्टिक धागा वापरला. त्याने शेकडा चाळीसपर्यंत ताण मोजता आला. पोलंडमध्ये बेल्खाटूव्हच्या उघड्या कोळसा खाणीच्या उतारावर असे कापड घालून पाहिले गेले. या धाग्याचा ऐब एवढाच की त्यात प्रकाश लवकर मंद होतो. काचेसारखा तो कित्येक किलोमीटर चालत नाही.

अशा कामाला माणसे तयार करण्यासाठी २०१६ साली ‘फिनेस’ ही दुसरी योजना निघाली. स्वित्झर्लंडमधील लोझानच्या विद्यापीठाकडे तिची सूत्रे होती. पंधरा तरुण संशोधक पगारावर घेतले गेले आणि विद्यापीठांबरोबर कंपन्यांतही त्यांनी काम शिकावे, अशी आखणी होती. उस्ताद-शागीर्दीचा हा रिवाज आपल्याला नवा नाही. फरक इतकाच की तेथे शागीर्दाला दोन उस्ताद, एक प्रयोगशाळेतला आणि एक कारखान्यातला. आपण मुलाला मागावर बसवतो, पण मोजायला शिकवत नाही.

भिवंडी-मालेगावच्या साध्या पॉवरलूमवर हे कापड निघणार नाही, हे साफ सांगतो. यंत्र वेगळे, भांडवल मोठे, आणि ठेकेदार चाचणीचा दाखला मागतो. पण ग्रे कापडात मीटरमागे पैशांवर झगडणाऱ्यांनी निदान चौकशी तरी करावी. केंद्र सरकारने २०२० साली तांत्रिक वस्त्रांसाठी १,४८० कोटी रुपयांचे मिशन मंजूर केले, त्यात प्रशिक्षणाचाही भाग ठेवला. मुंबईत घाटकोपरच्या ‘बीटीआरए’ संस्थेत जिओटेक्स्टाईलची चाचणी होते. टेक्स्टाईल डिप्लोमा झालेला मुलगा घरात असेल तर आधी तेथे नेऊन यंत्रे दाखवावीत.