कुंपण घालताना

'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' ही म्हण आपण सारेच वापरतो. पण ते कुंपण उभे कसे राहते आणि पडते कशाने, इकडे फारसे कोणी पाहत नाही.

लाकडी कुंपण सहसा वरून मोडत नाही. ते जमिनीलगत कुजते. लाकूड खाणाऱ्या बुरशीला ओल आणि हवा दोन्ही लागतात. खोल मातीत ओल असते पण हवा कमी. वर हवा भरपूर, पण उन्हाने लाकूड सुकते. दोन्ही एकत्र मिळतात ते मातीच्या पृष्ठाजवळच्या वीतभर पट्ट्यात. म्हणूनच पडलेला खांब उपटून पाहिला, तर पुष्कळदा तळचे टोक शाबूत आणि मधल्या भागाचा भुसा झालेला आढळतो. कुंपणाचे सारे नियोजन या वीतभर पट्ट्यासाठी करावयाचे असते.

पण त्याआधी हद्द ठरली पाहिजे. शेजाऱ्याला बोलावून त्याच्या देखतच दोरी ताणावी. वाद असल्यास भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी. मग खांबांचा हिशेब. लांबी ६० फूट आणि दर ६ फुटांवर खांब, तर खांब १० नव्हे, ११ लागतात. कारण आरंभालाही एक लागतोच.

लाकूड निवडताना गाभा पाहावा. सागाचा गाभा टिकतो. पण त्याच सागाच्या बाहेरच्या फिकट भागाला वाळवी लवकर लागते. स्वतःच्या जमिनीतील साग तोडावयासही १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमानुसार परवानगी लागते, हे विसरू नये.

चार फूट उंचीच्या कुंपणाला सहा फुटी खांब घ्यावा व दोन फूट गाडावा. खड्ड्याच्या तळाशी खडी टाकावी, म्हणजे पाणी साचत नाही. जमिनीच्या रेषेखाली व वर फूटभर डांबर लावावे. माती थराथराने पहारीने ठासावी आणि खांबाभोवती बाहेरच्या बाजूस उतार द्यावा. खांबाचे डोके तिरपे कापावे. फळ्या जमिनीपासून दोन इंच वर ठेवाव्यात आणि खिळे जस्ताचा मुलामा दिलेले वापरावेत.

एवढे करूनही मेलेले लाकूड कधीतरी कुजणारच. आपल्या खेड्यांनी त्यावर दुसरा तोडगा काढला आहे, तो म्हणजे जिवंत खांब. पांगारा, शेवगा किंवा गिरिपुष्प यांची मनगटाएवढी जाड खोडे पावसाच्या तोंडावर रोवली की मुळे धरतात. त्यांना बांबूच्या आडव्या काठ्या बांधल्या की कुंपण तयार. डांबर नको, खिळे नकोत. शिवाय गिरिपुष्पाचा पाला भातखाचरात हिरवळीचे खत म्हणून घालता येतो. मात्र हे खांब वाढतात, फांद्या पलीकडे झुकतात, पलीकडच्या पिकावर सावली पडते. म्हणून दरवर्षी छाटणी करावी लागते.

फळ्यांचे कुंपण पावसाळ्यापूर्वी तपासावे लागते, जिवंत कुंपण छाटावे लागते. दोन्ही कामे अर्धी शेजाऱ्याच्या अंगणात उभे राहूनच होतात. तेव्हा दोरी ताणण्याच्या दिवशी जोडलेला सलोखा पुढे दरवर्षी उपयोगी पडतो.