हॅश जुळेपर्यंत

पावसाळ्यात रत्नागिरीत लाईट जाणं ही काही बातमी नव्हे. पण मारुती मंदिर भागातल्या एका लहान ऑफिसात अशा एका झटक्यानंतर हार्ड डिस्क टकटक वाजू लागली. तिच्यावर आंबा बागायतदारांच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर होतं: पेट्या, दलाली, वाशीच्या बाजारातून येणाऱ्या विक्रीच्या पट्ट्या. हंगाम संपला की त्यातल्या सुधारणा पावसात होतात, म्हणजे जूनपासूनचं सगळं काम त्या डिस्कवरच्या एकाच गिट रेपोत, कोडच्या सगळ्या आवृत्त्या जपणाऱ्या साठ्यात. दुसरी प्रत होती ती एकाच्या लॅपटॉपवर, मे महिन्यातली.

दुरुस्तीला बसलेल्या मित्राने आधी काहीच दुरुस्त केलं नाही. डिस्क दुसऱ्या मशिनला लावली, माउंट न करता डीडीरेस्क्यू सुरू केला. हा प्रोग्राम सहज वाचता येणारा भाग आधी उचलतो, अडलेले सेक्टर नोंदून ठेवतो आणि त्यांच्यामागे नंतर लागतो. मरणाऱ्या डिस्कवर थेट गिट चालवणारे लोक मी पाहिलेत. वाचण्याजोगं असतं तेही त्यात जातं. इथे पुढचं सगळं काम डीडीरेस्क्यूने उतरवलेल्या डिस्कच्या इमेजच्या कॉपीवर झालं.

मग गिट एफएससीके, म्हणजे रेपोतल्या ऑब्जेक्टांची, साठवलेल्या तुकड्यांची, तपासणी. 'डँगलिंग' दिसलं की नवखा घाबरतो, पण ते नुसतं कशालाच न जोडलेलं ऑब्जेक्ट. 'मिसिंग' आणि 'करप्ट' ही खरी दुखणी. काही ऑब्जेक्ट फाइली शून्य बाइटच्या निघाल्या: नाव डिस्कवर पोचलं, मजकूर पोचायच्या आत लाईट गेली. मुख्य ब्रँचची फाइलही रिकामी होती. ब्रँच कुठून कुठे सरकली याची नोंद ठेवणाऱ्या रिफलॉगच्या शेवटच्या ओळीतला हॅश तिच्यात भरून ती उभी राहिली.

लिनस टोरवाल्ड्सने २००५ साली गिट लिहिलं तेव्हापासून प्रत्येक ऑब्जेक्टचं नाव म्हणजे त्याच्याच मजकुरातून निघालेला, सहसा ४० अक्षरी, हॅश. स्वल्पविराम बदलला तरी नाव बदलतं. म्हणून इथे दुरुस्ती म्हणजे शोधाशोध. हरवलेला मजकूर कुठेही सापडू दे, हॅश जुळला की तो तोच. कुणाच्या आठवणीवर विसंबायला नको.

मेपर्यंतचं लॅपटॉपने दिलं. प्रत जुनी होती हे बरंच झालं. २०१३ मध्ये केडीई प्रकल्पाच्या सर्व्हरवर फाइलसिस्टिम बिघडली, तेव्हा आपोआप चालणाऱ्या मिरर सर्व्हरांनी तो बिघाडही इमानाने उतरवून घेतला. सुमारे दीड हजार रेपो थोडक्यात वाचले.

जूनपासूनच्या फाइली चालू फोल्डरमधून गिटच्या हॅश-ऑब्जेक्ट कमांडने परत घातल्या. पट्टी छापणाऱ्या फाइलची एक आवृत्ती ग्राहकाला ईमेलने पाठवलेल्या झिपमध्ये मिळाली, तरी हॅश जुळेना. मजकूर अक्षरशः तोच दिसत होता. शेवटी कळलं, ओळींच्या टोकाला विंडोजचं जादा चिन्ह आलंय. ते काढलं आणि चाळीसही अक्षरं जुळली.

दलालीच्या फाइलची मधली एक आवृत्ती मात्र कुठेच मिळाली नाही. तेवढ्यासाठी पुश अडत होतं. गिटमधलं प्रत्येक कमिट पूर्ण चित्र धरून ठेवतं, नुसता फरक नव्हे. त्यामुळे ते एक कमिट वगळून पुढचं त्याच्या मागच्याला जोडता आलं. नंतरच्या फाइलींना धक्का लागला नाही, फक्त तिथून पुढच्या प्रत्येक कमिटचा हॅश नवा झाला. जुने हॅश बिलांच्या नोंदींत लिहिलेले होते. ते बदलत बसण्याचं काम ऑफिसातल्या मुलांकडे आलं.