कोर्टाच्या चौकातलं फुलांचं दुकान

अमेरिकेच्या दक्षिणेत, अलाबामा, मिसिसिपी किंवा जॉर्जियातल्या चार-पाच हजार वस्तीच्या गावात, फुलांचं दुकान बहुतेक वेळा कोर्टाच्या चौकातच असतं. बाहेरून पाहिलं तर काचेत टेडी बेअर, फुगे, चॉकलेटचे डबे. पाहणाऱ्याला वाटावं, दुकान व्हॅलेंटाइनच्या गुलाबांवर चालतंय. खरा आधार मात्र अंत्यविधींचा. रात्री गावात कोण गेलं हे दुकानातल्या बाईंना कुलूप काढण्याआधीच कळलेलं असतं. फ्यूनरल होममधून, म्हणजे अंत्यविधीची सगळी व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेतून तरी निरोप येतो, नाहीतर चर्चमधल्या कुणाकडून. मग फोन सुरू होतात.

दक्षिणेत माणूस गेला की दोन गोष्टी हलतात, जेवण आणि फुलं. आपल्याकडे दुखवट्याच्या घरी शेजारणी पिठलं-भात पोचवतात, तसं तिथे तळलेलं चिकन आणि ओव्हनमध्ये भाजलेलं कॅसरोल घरी जातं, आणि फुलं जातात फ्यूनरल होमला. दफनाच्या आदल्या संध्याकाळी तिथे ‘व्हिजिटेशन’ असतं. शवपेटीजवळ घरचे उभे, समोर गावकऱ्यांची रांग, आणि मागे भिंतीला लागून फुलं. कुणी काय पाठवायचं याचे नियम कुठे लिहिलेले नाहीत, पण ते सगळ्यांना ठाऊक असतात. पेटीवरची मोठी आरास फक्त घरच्यांची. दुसऱ्या कुणी ती पाठवली तर आगाऊपणा ठरतो. शेजारपाजारचे टोपली किंवा पीस लिलीची कुंडी देतात. ऑफिसातले वर्गणी काढतात. आईवडील पन्नास वर्षांपूर्वी गाव सोडून शिकागोला किंवा डेट्रॉइटला गेले आणि आता तिथून मुलांना यायला जमत नाही, तर तिकडून तिपाईवरची उभी आरास येते. तिला स्टँडिंग स्प्रे म्हणतात. लांबून पाठवलेलं लांबून दिसायला हवं, हा त्यातला हिशेब.

फोन करणाऱ्याला काय हवं ते अनेकदा त्याला स्वतःलाच माहीत नसतं; दुकानातल्या बाईंना असतं. गेलेल्या आजोबांनी आयुष्यभर अलाबामा विद्यापीठाचं फुटबॉल पाहिलं असेल, तर लाल आणि पांढरी फुलं. तिथे प्रतिस्पर्धी ऑबर्न विद्यापीठाची नारिंगी आणि निळी आरास पाठवली, तर त्या कुटुंबाशी बोलणंच बंद. आजींच्या मागच्या अंगणात कॅमेलिया होता, मग आराशीत त्याची चार पानं हवीत. चर्च बॅप्टिस्ट की मेथडिस्ट, व्हिजिटेशन पाचला की सहाला, धाकट्या मुलीला लिलीच्या वासाने डोकं चढतं का, हे सगळं त्यांच्या डोक्यात असतं. एक गोष्ट मात्र बोलता बोलता निसटते, म्हणून सांगतो. गोऱ्यांचं फ्यूनरल होम वेगळं आणि कृष्णवर्णीयांचं वेगळं, हे चित्र वंशभेदाचे कायदे बदलून साठ वर्षं झाली तरी पुष्कळ गावांत अजून तसंच आहे.

मागच्या खोलीतलं काम मात्र सगळीकडे सारखंच. हिरव्या फोमची वीट पाण्यावर अलगद ठेवायची आणि आपोआप बुडू द्यायची. घाईने दाबली तर मध्ये हवा अडकते, आत कोरडा गाभा राहतो, आणि त्यात खोचलेलं फूल संध्याकाळपर्यंत मान टाकतं. ‘ओअ‍ॅसिस’ नावाचा हा फोम ओहायोच्या व्हर्नन स्मिदर्स यांनी 1954 मध्ये बाजारात आणला. त्याआधी शेवाळ आणि कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी यांवर काम भागे. भिजलेला फोम तिपाईला तारेने आवळला की आधी फर्न खोचून आकार बांधतात. मग ग्लॅडिओलसचे लांब दांडे वर, खाली आणि दोन्ही बाजूंना. त्यांच्या मध्ये स्नॅपड्रॅगन, शेवंती, कार्नेशन. लिली सगळ्यात शेवटी. लिली उमलायला लागली की तिचे परागकोश चिमटीने खुडून टाकतात, कारण ते पिकले की तपकिरी पूड गळते आणि पेटीतल्या पांढऱ्या साटिनवर पडलेला तो डाग निघत नाही. नवखा कोण, हे इथे एका नजरेत कळतं.

सगळ्यात शेवटी कार्ड. साधारण व्हिजिटिंग कार्डाएवढं. पुढे पाठवणाऱ्याचं नाव, आणि मागे, जे बाहेरच्याला कधीच दिसत नाही, दुकानातल्या माणसाने लिहिलेला तपशील: ‘उभी आरास, पांढरे ग्लॅड, गुलाबी लिली’. विधी झाला की फ्यूनरल होमचे लोक सगळी कार्डं गोळा करून घरच्यांच्या हातात देतात. त्यावरून पुढचे काही आठवडे मुलगी किंवा सून एकेकाला हाताने आभाराचं पत्र लिहिते. ‘तुमच्या फुलांबद्दल आभार’ एवढ्याने भागत नाही. ‘तुमच्या गुलाबी लिलींबद्दल’ असं लिहावं लागतं. मागचा तपशील लिहायचा राहिला, तर पत्रं लिहिणारी अडचणीत येते, आणि अशा गावात न आलेलं आभारपत्र दहा वर्षं लक्षात राहतं.

लांबच्या माणसाने पाठवलेलं फूल गावात पोचतं कसं, याचा हिशेब शंभरहून अधिक वर्षांचा आहे. फूल प्रवासात टिकत नाही, निरोप टिकतो. 1910 मध्ये पंधरा अमेरिकी फुलवाल्यांनी ठरवलं की फुलं पाठवायचीच नाहीत, ऑर्डर तारेने पाठवायची आणि फुलं जिथली तिथेच घ्यायची. त्यातून ‘फ्लोरिस्ट्स टेलिग्राफ डिलिव्हरी’, म्हणजे एफटीडी, उभी राहिली. पुढे पायाला पंख असलेला धावणारा रोमन देव मर्क्युरी तिचं चिन्ह झाला. 1934 मध्ये टेलिफ्लोरा ही दुसरी साखळी आली. तार गेली, फोन आले, मग संगणक; पण मूळ कल्पना बदलली नाही. शिकागोच्या दुकानात पैसे भरायचे, मिसिसिपीच्या दुकानाने फुलं द्यायची.

बदलला तो वाटा. या पद्धतीत ऑर्डर घेणारा साधारण 20 टक्के ठेवतो, मधली साखळी 7 टक्क्यांच्या आसपास घेते, आणि फुलं विकत घेऊन, कापून, खोचून, व्हॅन चालवत पोचवणाऱ्याला 73 उरतात. दोन्हीकडे खरी दुकानं होती तोवर कुणाची तक्रार नव्हती, कारण आज घेतलेली ऑर्डर उद्या उलट दिशेने जायची. इंटरनेटवर मात्र नुसती ऑर्डर गोळा करणारे आले. त्यांच्याकडे ना बादली, ना फूल. संकेतस्थळावर गावाचं नाव आणि स्थानिक वाटेल असा नंबर टाकायचा, गिऱ्हाइकाकडून आधी सेवाशुल्क घ्यायचं, मग वर कमिशन, आणि उरलेल्या पैशांत चौकातल्या बाईंना आरास करायला सांगायचं. गिऱ्हाइकाने मोजलेले असतात शंभर डॉलर, आरास होते साठ-पासष्टची, आणि ‘फोटोत तर भरगच्च होती’ ही तक्रार येते दुकानावर. आपण नसलेल्या गावचे असल्याचं भासवणाऱ्या फुलवाल्यांविरुद्ध काही राज्यांनी कायदे केले आहेत. माझ्या मते ही फसवणूक चालते ती कायद्याच्या अभावाने कमी आणि दुःखातल्या माणसाच्या घाईने जास्त. शोधात वर आलेला पहिला नंबर फिरवला जातो.

कायद्यावरून लुइझियाना आठवतं. फुलांची आरास विकायला वर्षानुवर्षं सरकारी परवाना मागणारं ते अमेरिकेतलं अजब राज्य. 2010 पर्यंत तिथे प्रात्यक्षिक परीक्षाही होती, आणि परीक्षक कोण, तर आधीच परवाना मिळालेले फुलवाले! धंद्यात नवा गडी येऊ द्यायचा की नाही, हे जुन्या गड्यांनी ठरवायचं. कोर्टकज्जे झाल्यावर ती प्रात्यक्षिक परीक्षा गेली.

बादल्यांतली फुलं कुठली? फर्न बहुधा फ्लोरिडातल्या पिअर्सन या छोट्या गावची. ते स्वतःला जगाची फर्न-राजधानी म्हणवून घेतं. गुलाब आणि कार्नेशन कोलंबियाची. 1967 मध्ये डेव्हिड चीव्हर या कोलोरॅडोतल्या विद्यार्थ्याने अभ्यास करून दाखवलं, की बोगोटाच्या पठारावर बारा महिने सारखं हवामान आणि सारखा उजेड मिळतो, फुलांसाठी याहून चांगली जागा नाही. दोनच वर्षांत तो आणि त्याचे भागीदार तिथे फुलं पिकवू लागले. 1991 नंतर अमेरिकेने आयातकर काढला आणि अमेरिकेतली कार्नेशनची शेती जवळजवळ संपली. आता फुलं विमानाने मायामीत उतरतात, कस्टमचे लोक जुड्या कागदावर झटकून कीड शोधतात, आणि शीतट्रक रात्रीच उत्तरेकडे निघतात.

लहान गावात फुलं पाठवण्याची एक ऑर्डर मात्र सगळ्यांत गाजलेली. 10 मे 1908 रोजी अ‍ॅना जार्विसने वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्राफ्टन गावच्या चर्चमध्ये 500 पांढरी कार्नेशनं पाठवली, तीन वर्षांपूर्वी गेलेल्या आपल्या आईच्या आठवणीसाठी. ती स्वतः त्या दिवशी फिलाडेल्फियात होती. पहिला मातृदिन तो हाच. 1914 मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी तो राष्ट्रीय केला आणि फुलवाल्यांनी तो उचलला. मे महिन्यात कार्नेशनचे भाव चढायला लागले तशी जार्विस भडकली आणि उरलेलं आयुष्य फुलवाल्यांशी भांडत राहिली. 1948 मध्ये ती कफल्लक अवस्थेत वारली. तिच्याबद्दल सहानुभूती वाटते, पण फुलवाल्यांनाच सगळा दोष देता येत नाही. पाचशेचा पायंडा तिनेच घातला होता. दक्षिणेतल्या चर्चांत मातृदिनाला आई असेल तर लाल फूल आणि नसेल तर पांढरं लावून येण्याची रीत अजून आढळते.

दुकानाला वळसा घालून जाणारा मार्गही दक्षिणेत जुना आहे. तिथल्या राज्यांची शेती खाती ‘मार्केट बुलेटिन’ नावाची पत्रकं काढत. त्यांत बैल, बियाणं, मध यांच्या जाहिरातींमध्ये शेतकरणी आपल्या अंगणातले कंद आणि रोपं काही सेंटांना विकायला ठेवत, आणि ती ओल्या शेवाळात गुंडाळून टपालाने धाडत. मिसिसिपीच्या लेखिका युडोरा वेल्टी यांनी या पत्रकाकडे एलिझाबेथ लॉरेन्स या बागलेखिकेचं लक्ष वेधलं. लॉरेन्स यांनी या बायकांशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार केला. लॉरेन्स यांच्या मृत्यूनंतर 1987 मध्ये त्याचं पुस्तक झालं. पत्रांत रोपाबरोबर संधिवात, पाऊस, नातवंडं, सगळंच यायचं.

आणि कधी कधी खोटी फुलंच जास्त खरी ठरतात. मार्च 1968 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांनी अटलांटात पत्नीला लाल कार्नेशनं दिली. एरवी ते ताजी देत, ही कृत्रिम होती. कोरेटा किंग यांनी आठवणींत लिहिलंय, की विचारल्यावर ते म्हणाले, तुझ्याजवळ कायम राहील असं काही द्यायचं होतं. महिन्याभरात त्यांची हत्या झाली. थडग्यांवरची रेशमी फुलं पाहून नाक मुरडणाऱ्यांमध्ये मीही होतो. आता जरा बेताने मुरडतो.

अटलांटाला किंवा हंट्सव्हिलला नोकरी करणाऱ्या मराठी मुलांवर सहकाऱ्याची आई गेल्यावर हा प्रसंग येतोच. काय करावं? मृत्यूच्या बातमीत फ्यूनरल होमचं नाव असतं. तिथे फोन करून विचारावं, गावात फुलांचं दुकान कोणतं, आणि थेट तिथला नंबर घ्यावा. बजेट संकोच न करता सांगावं आणि फुलं निवडायचं काम त्यांच्यावर सोपवावं. बातमीत ‘फुलांऐवजी देणगी द्यावी’ असं असेल तर देणगीच द्यावी; दक्षिणेत पुष्कळजण दोन्ही करतात, पण तो त्यांचा मामला. बरीच दुकानं शनिवारी दुपारी बंद होतात ती सोमवारीच उघडतात, त्यामुळे व्हिजिटेशन रविवारचं असेल तर शुक्रवारीच फोन करावा.