ही डबी कधीची? गळाच्या जुन्या सामानातून पुरावा वाचायला शिकूया

समजा तुमच्या हातात एक जुनी, चपटी गोल डबी दिली. ॲल्युमिनियमची, तळहातावर मावेल एवढी. आत फेल्टच्या दोन चकत्या आणि त्यांच्यामध्ये वेटोळं करून ठेवलेला बारीक, जवळजवळ पारदर्शक धागा. झाकणावर 'मेड इन इंग्लंड' आणि एक सहा आकडी ब्रिटिश पेटंट नंबर. डबी कधीची, ते सांगा.

घाई नको. आधी ती कशासाठी होती ते बघू. फ्लाय फिशिंगमध्ये जाड दोरी आणि गळ यांच्यामध्ये माशाला सहज दिसणार नाही असा बारीक धागा बांधतात. नायलॉनच्या आधी हा धागा रेशीमकिड्यापासून काढत. कोष विणायला आलेली अळी व्हिनेगरमध्ये बुडवायची, तिच्या रेशीमग्रंथी काढून ताणायच्या आणि वाळवायच्या. स्पेनमधलं मुर्सिया हे या धंद्याचं मोठं केंद्र होतं. हा धागा कोरडा असला की ठिसूळ, गाठ मारताना तुटणारा. भिजवला की मऊ. म्हणून ओल्या फेल्टची डबी! उपयोग कळला की फेल्टचं कोडं आपोआप सुटतं.

आता पेटंट नंबर. ब्रिटनमध्ये १९१५ पर्यंत पेटंटचे नंबर दरवर्षी नव्याने सुरू व्हायचे. १९१६ पासून १,००,००१ या आकड्याने सलग मालिका सुरू झाली. म्हणजे आपली डबी १९१६ च्या आधीची नाही. नंबर शोधलात आणि समजा पेटंट १९२४ चं निघालं, तर लगेच 'डबी १९२४ ची' असं लिहून मोकळे होऊ नका. पेटंट फक्त 'याच्या आधीची नाही' एवढंच सांगतं. पुरातत्त्वात याला टर्मिनस पोस्ट क्वेम म्हणतात. तोच नंबर छापलेला माल पुढे कितीतरी वर्षं निघत राहू शकतो. (मी पहिल्या वर्षी बाटलीवरच्या लेबलची तारीख हीच सॅम्पलची तारीख म्हणून लिहिली होती. गाईडनी एवढंच विचारलं, "लेबल कोणी लावलं, आणि कधी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.)

'मेड इन इंग्लंड'चंही तसंच. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्यामुळे १८९१ पासून तिथे आयात होणाऱ्या मालावर देशाचं नाव लागू लागलं. त्यावरून काही जण उलटा निष्कर्ष काढतात: नाव नाही, म्हणजे वस्तू १८९१ च्या आधीची. पण इंग्लंडमध्येच विकायच्या डबीला तो कायदा लागूच नव्हता. नसलेल्या खुणेवरून तारीख काढणं फार धोक्याचं.

राहिला धागा. ड्यूपॉन्टने नायलॉन जाहीर केलं १९३८ मध्ये. आपण ज्याला तंगूस म्हणतो तो धागा दुसऱ्या महायुद्धानंतर गळाच्या सामानात रुळला. मग आतला धागा रेशीम की नायलॉन? सायन्सवाले थेट एफटीआयआरकडे धावतील. पण रेशीम आणि नायलॉन दोन्हींमध्ये अमाइड बंध असतात, त्यामुळे १६४० आणि १५४० च्या आसपासचे पट्टे दोघांतही दिसणार. फरक बघायचा तो २९३० आणि २८६० जवळ, तिथे नायलॉनचे पट्टे ठळक येतात. त्याआधी फुटपट्टी घ्या. एका ग्रंथीतून साधारण फूटभरच धागा निघतो, म्हणून असे तुकडे गाठी मारून जोडत. दोन मीटर अखंड, बिनगाठीचा धागा असेल तर तो रेशीमग्रंथीचा नाही. मात्र गाठी दिसल्या म्हणून तो रेशमाचाच असंही नाही, कारण नायलॉनलाही गाठी मारतात.

आणि धागा नायलॉनचा निघाला तरी डबी १९३८ नंतरची ठरत नाही. जुन्या डबीत नवा धागा कुणीही ठेवू शकतो. तेव्हा नोंदवहीत दोन ओळी वेगळ्या लिहा: 'डबी: पेटंटच्या वर्षाआधीची नाही.' 'धागा: नायलॉन, १९३८ च्या आधीचा नाही, डबीत कधी ठेवला, माहीत नाही.'